घोड्याच्या पायात डाय कशाला? (सीटी, कंडरा आणि एक लंगडी घोडी)

ऋता_हानोव्हर | ३ मार्च, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. इथे घोड्यांचे डॉक्टर किंवा निदान घोड्यांजवळ वावरलेलं कुणी आहे का?

मी जर्मनीत हानोव्हरजवळ राहते. गेली १४ वर्षं इथल्या एका इस्पितळात सीटीच्या यंत्रावर आहे. दिवसाला पंचवीसेक माणसं त्या कड्यातून आत-बाहेर करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. घोड्यांचं मला शून्य कळतं. पण लेक १५ वर्षांची आहे आणि ती एका घोडीवर भागीदारीत बसते. इकडे याला राइटबेटाइलिगुंग म्हणतात. घोडी दुसऱ्याची, महिन्याचे पैसे आपण द्यायचे, आठवड्यातले तीन दिवस घोडी आपली आणि त्या तीन दिवसांची लीदही आपली.

तर ही घोडी, फ्रीडा. हानोव्हर जातीची, ११ वर्षांची, उड्यांच्या शर्यतीतली. जानेवारीपासून पुढच्या उजव्या पायाने लंगडतेय. खुराच्या मागच्या नसांना भूल दिली की लंगडणं जातं, म्हणजे दुखणं खुरात आहे. एक्स-रे स्वच्छ. सोनोग्राफी खुरापाशी येऊन थांबते. आता दवाखाना म्हणतो, पूर्ण भूल देऊन सीटी करू, आणि पायाच्या धमनीत नळी घालून कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्रात उजळणारा डाय, सोडू. कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी (टेंडन), फाटली असेल तर त्यात दिसेल.

मालकीणबाई मला विचारतात, "तू सीटीवाली ना, सांग, करू का?" आणि घोडं इथेच अडलंय. आम्ही माणसाला डाय देतो तो हाताच्या शिरेतून, ८०-१०० मिली, पंपाने. धमनीत नळी घालायची ती अँजिओग्राफीवाल्यांनी. आणि कंडरा बघायला माणसाला आम्ही सीटीत घेतच नाही, सरळ एमआरआयला पाठवतो. मग घोड्यात हे उलटं का? कुणाला माहीत असेल तर सांगा, गुरुवारपर्यंत उत्तर द्यायचंय.

---

चहाबिस्किट | ३ मार्च, रात्री ९:५२

रुमाल टाकून ठेवतो. आमच्या आईला गुडघ्याच्या एमआरआयची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळालीय. पुढल्या जन्मी हानोव्हरात घोडी हो म्हणून सांगतो.

---

कुंदा_काकू | ३ मार्च, रात्री १०:१५

वाचतेय. मला एक कळत नाही. रिपोर्ट काहीही आला तरी शेवटी विश्रांतीच ना? मग त्या मुक्या जनावराला भूल देऊन आडवं कशाला पाडायचं?

---

टापटीप | ४ मार्च, पहाटे १:०५

ऋता, मी घोड्यांची डॉक्टर. परळला शिकले, गेली नऊ वर्षं आयर्लंडमध्ये आहे. काकूंचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, पण आधी डायचं सांगते.

अर्धं उत्तर वजनात आहे. माणसाच्या अंगात पाचेक लिटर रक्त, फ्रीडाच्या अंगात ४० लिटरच्या आसपास. मानेच्या शिरेतून द्यायचं म्हटलं तर अर्धा लिटर तरी औषध लागेल, आणि हृदय-फुप्फुसं हिंडून खुरापर्यंत येईस्तोवर त्याचं पार ताक झालेलं असेल. त्यातून घोडा काही त्या कड्यात मावत नाही, मावतो फक्त पाय. मग डायही फक्त पायालाच द्यायचा. गुडघ्याच्या वर, आतल्या अंगाला मीडियन धमनी असते. सोनोग्राफीवर बघून तिच्यात नळी घालायची, डाय सलाइनमध्ये पातळ करायचा आणि तो जात असतानाच स्कॅन करायचा. थोडक्यात भागतं.

(पुढच्या पायाचा 'गुडघा' म्हणजे खरं तर घोड्याचं मनगट. त्याच्या खाली स्नायू जवळपास नाहीतच. हाड, दोऱ्या, रक्तवाहिन्या, कातडी. पाचशे किलोंचं जनावर मधल्या बोटाच्या नखावर उभं असतं. हे एकदा डोळ्यांपुढे आलं की घोडे लंगडतात याचं आश्चर्य न वाटता ते चालतात याचं वाटायला लागतं.)

आता कंडरा. निरोगी कंडरेत रक्तवाहिन्या इतक्या कमी की डाय सोडला तरी ती फारशी उजळत नाही. कोलाजेन दाट असल्यामुळे साध्या सीटीतही ती बऱ्यापैकी पांढरी दिसते. तुमच्या भाषेत पाणी ० धरलं तर ही शंभराच्या आसपास. फाटली की तिथे पाणी धरतं, जागा काळपट होते, कंडरा फुगते. मग शरीर दुरुस्तीला लागतं, नव्या बारीक वाहिन्या फुटतात. त्या कच्च्या आणि गळक्या असतात, त्यामुळे डायमधलं आयोडीन तिथे झिरपून साचतं आणि ती जागा उजळते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतून २००७ साली धमनीतून डाय देण्याच्या या पद्धतीवर निबंध आला, तेव्हापासून ती नीट रुळली.

उद्या सकाळी शस्त्रक्रिया आहे. बाकी नंतर.

---

ऋता_हानोव्हर | ४ मार्च, सकाळी ७:२०

टापटीप, फारच आभार. म्हणजे फाटल्यापेक्षा गळतंय कुठे ते तुम्ही बघता. आम्ही यकृतातल्या गाठी बघतो तसंच. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

---

नाशिककर_क्षकिरण | ४ मार्च, सकाळी ११:३०

मी माणसांचा रेडिओलॉजिस्ट. थोडा मतभेद नोंदवतो. मऊ भाग बघायला सीटी म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. जुनी, बरी झालेली जखम असेल, तिथे नव्या वाहिन्या उरल्या नसतील, तर डाय सोडूनही ती गप्प बसेल. शिवाय हाडाच्या आत पाणी साचलेलं असेल तर ते एमआरआयलाच दिसतं. घोड्यांना उभ्या-उभ्या करायचे एमआरआय युरोपात वीसेक वर्षं आहेत. मग पूर्ण भूल कशासाठी?

अवांतर: धमनीत रंग भरून चित्र काढायची कल्पना तशी फार जुनी. राँटगेनने क्ष-किरणांचा निबंध दिला डिसेंबर १८९५ मध्ये, आणि जानेवारी १८९६ मध्ये व्हिएन्नात हाशेक आणि लिंडेनथाल यांनी एका कापलेल्या हाताच्या रक्तवाहिन्यांचा फोटो काढला होता. भरलं काय होतं, तर चुना, हिंगूळ आणि पेट्रोलियम. प्लेट ५७ मिनिटं उघडी ठेवली होती. हात मेलेला होता म्हणून हलला नाही.

---

चहाबिस्किट | ४ मार्च, सकाळी ११:४१

चुना, हिंगूळ आणि रॉकेल! त्यात कात घातला असता तर पान झालं असतं.

---

टापटीप | ४ मार्च, सायंकाळी ६:१०

नाशिककर, मुद्दे सगळे मान्य. मलाही निवड दिली तर खुरातल्या कंडरेसाठी आधी एमआरआयच मागेन. पण हात मेलेला असला की हलत नाही हे तुम्हीच लिहिलंत! उभा घोडा गुंगीत डुलतो, आणि उभ्याचा एमआरआय तास-तासभर चालतो. खुराच्या उंचीवर जमतं, वर सरकत जावं तसतशी चित्रं हलायला लागतात. ताकदवान चुंबकाचा हवा असेल तर तिथेही पूर्ण भूल लागतेच, वर वेळ जास्त. सीटीचं काम काही मिनिटांत होतं. उभ्याने पायाचं सीटी करणारी यंत्रंही आता आली आहेत, पण सगळीकडे नाहीत. शेवटी आपल्यापासून गाडीच्या टप्प्यात काय आहे यावर बरंच ठरतं.

सीटीचा एक फायदा सांगायचा राहिला. रक्तवाहिन्यांचं झाड आणि हाड एकाच चित्रात मिळतं. पण त्यात गोचीही आहे. नळी खाली, एका बाजूच्या धमनीत घातली तर त्या बाजूची कंडरा उजळते आणि दुसरी फिकी राहते. न कळणारा माणूस म्हणेल, "अरे, इकडेच जखम!" त्यामुळे ऋता, एक प्रश्न जरूर विचारा: नळी नेमकी कुठे घालणार?

---

माथेरानचा_नाना | ४ मार्च, रात्री ८:३०

आमच्या तीन पिढ्या घोड्यांवर गेल्या. मशीनचं मला काय ठाव नाही. पण एक सांगतो ताई. रोज सकाळी घोडं भायेर काढायच्या आधी चारी पायांवरनं पालथा हात फिरवायचा. एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागला की त्या दिवशी खोगीर घालायचं नाय. मंग टाचेच्या वरती, दोन्ही अंगाला बोट ठेवून ठोका बघायचा. चांगल्या घोड्याचा ठोका शोधावा लागतो. खुरात आग असली की तो बोटाला टकटक लागतो. आमचा म्हातारा डोळे झाकून सांगायचा कुठल्या पायात दुखतंय.

आन दोरी गेली की म्हातारा डाग द्यायचा. सहा महिन्यांत घोडं उभं.

---

टापटीप | ४ मार्च, रात्री ९:०२

नाना, तो ठोका आम्हीही रोज बघतो. सीटीत जी धमनी उजळते तीच तुमच्या बोटाखाली असते.

डागण्यांचं मात्र मान्य नाही.

---

अप्पा_बारामती | ४ मार्च, रात्री ९:४५

का मान्य नाही? आमच्याकडे बैलाला, घोड्याला, माणसालासुद्धा डाग देत आलेत. काही गुण असल्याशिवाय इतकी वर्षं टिकलं का? तुम्ही विलायती डॉक्टर म्हणजे आपलं ते सगळं खोटं. भीमथडीच्या तट्टांवर मराठे पार अटकेपर्यंत गेले, तेव्हा कुठे होतं सीटी?

---

टापटीप | ४ मार्च, रात्री १०:२०

अप्पा, डाग देणं काही आपलं एकट्याचं नाही हो. विलायतेतले साहेबसुद्धा शर्यतीच्या घोड्यांना लोखंड तापवून हेच करायचे, अगदी परवापर्यंत. मग ब्रिस्टल विद्यापीठात डागलेल्या आणि न डागलेल्या कंडरा शेजारी-शेजारी ठेवून तपासल्या. १९८३ साली ते छापून आलं. डागल्याने कंडरा लवकर किंवा चांगली भरून येते असं काही निघालं नाही. १९९१ मध्ये तिथल्या पशुवैद्यक परिषदेने डागणं अनैतिक ठरवलं.

गुण कशाचा येतो ते नानांच्याच वाक्यात आहे: "सहा महिन्यांत घोडं उभं." डाग दिलेल्या घोड्यावर कुणी बसत नाही. सहा महिने सुट्टी मिळते. गुण सुट्टीचा, नाव लोखंडाचं.

---

माथेरानचा_नाना | ४ मार्च, रात्री १०:३१

हे मातर खरं असंल. म्हातारा म्हनायचा, डाग दिसला की मालकाला घोडं कामावर न्यायची लाज वाटती.

---

सईसपुत्र | ५ मार्च, सकाळी ८:१५

वडील पुण्याच्या रेसकोर्सवर मोतद्दार होते, मी आता एका स्टड फार्मवर आहे. शर्यतीच्या घोड्याची जी मागची वरची दोरी जाते, तिला इथे सगळे 'टेंडन गेला' एवढंच म्हणतात. ती खुराच्या वर, नळीच्या हाडामागे फुगते, धनुष्यासारखी. तिला सोनोग्राफी पुरते, सीटी लागत नाही. ऋताताईंच्या घोडीची खोल दोरी असणार, जी खुरात शिरते. ती खुराच्या डबीत बंद.

डायवरून आठवलं. खूर सुजण्याच्या रोगात, म्हणजे लॅमिनायटिसमध्ये, आमचे डॉक्टर सीटीशिवायच डायचं काम करतात. घोडा उभा, थोडी गुंगी, घोट्याला रबर आवळायचं, शिरेतून उलटा डाय भरायचा आणि मिनिटाच्या आत एक्स-रे घ्यायचे. खुरातलं सगळं जाळं दिसतं. एका घोडीच्या वेळी पाय मी धरला होता. खुराच्या पुढच्या टोकाला डाय पोचलाच नाही. दुसऱ्यांदा भरून बघितला, तरी नाही. डॉक्टर काही बोलले नाहीत, फक्त फोटो मालकांच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी घोडीला झोपवली. वडिलांना रात्री फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, पूर्वी हे कळायला दोन महिने लागायचे आणि ते दोन महिने घोडी तळमळायची.

---

कुंदा_काकू | ५ मार्च, सकाळी ९:००

सईसपुत्र, वाचून गलबलले.

---

गणितवाली_मंजू | ५ मार्च, दुपारी १:१०

भुलेच्या धोक्याबद्दल कुणी बोलेना. आकडा काय?

---

टापटीप | ५ मार्च, दुपारी ३:४०

२००२ साली छापलेल्या एका मोठ्या पाहणीत ४०,००० हून जास्त घोडे होते. पोटशूळाचे वगळले तर सात दिवसांत भुलेमुळे दगावलेले साधारण १००त एक. अलीकडचे आकडे थोडे बरे आहेत. माणसाच्या मानाने हे फारच जास्त. सगळ्यात भीती असते शुद्धीवर येतानाची. घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी, डोळे उघडले की आधी उठायला बघतो, पाय अजून त्याचे नसतात. तेव्हा हाड मोडतं. म्हणून गाद्यांच्या भिंतींची खोली असते, आणि काही ठिकाणी डोकं आणि शेपूट दोरांनी सावरतात.

काकू, आता तुमचा प्रश्न. "शेवटी विश्रांतीच ना?" निम्म्या वेळा हो. पण खोल कंडरेची चीर खुरातल्या नाविक हाडामागच्या द्रवाच्या पिशवीत उघडत असेल, तर दुर्बिणीने जाऊन ती साफ करता येते. चीर कंडरेच्या गाभ्यात असेल तर नऊ महिने ते वर्षभर धीर धरायचा. आणि दोष हाडाचाच निघाला तर कंडरेसाठी वर्ष फुकट घालवण्यात अर्थ नाही. चौथी गोष्ट मालक विचारत नाहीत, पण मी सांगते: ही घोडी पुन्हा उड्या मारणार की नाही. ते कळलं की लोक शांत होतात.

या तिन्ही-चारींपैकी मालकीणबाई काहीच करणार नसतील, तर मीही भूल देऊ नका म्हणेन.

---

चहाबिस्किट | ५ मार्च, दुपारी ४:०२

घोडा का अडला? भाकरी का करपली? पान का सडलं?
उत्तर आपल्याला शाळेपासून पाठ: न फिरवल्यामुळे.
इथे मात्र फिरवल्यामुळे अडलाय. (दिवे घ्या.)

---

टापटीप | ५ मार्च, दुपारी ४:२०

चहाबिस्किट, हसू नका, कोडं बरोबर आहे. कंडरेवरचा सगळ्यात भरवशाचा इलाज म्हणजे मोजून फिरवणं. नुसतं ठाणबंद ठेवलं तर नवे धागे आडवेतिडवे भरतात. रोज लगाम धरून ठरावीक मिनिटं चालवलं तर ओढ ज्या दिशेला त्या दिशेने रांगेत लागतात. तरी मूळचा चिवटपणा पूर्ण परत येत नाहीच.

---

नाशिककर_क्षकिरण | ५ मार्च, सायंकाळी ५:५०

हे माणसाच्या टाचेच्या कंडरेलाही तंतोतंत लागू. माझी स्वतःची गेलेली आहे, बॅडमिंटन. सहा आठवडे बूट, मग मोजून चालणं. बायको अजून "फिरवून आणते" म्हणते.

---

ऋता_हानोव्हर | ११ मार्च, रात्री १०:३०

मंडळी, उशीर झाला, माफ करा. झालं एकदाचं. टापटीपचे चार मुद्दे मी मालकीणबाईंना जर्मनमध्ये लिहून दिले. पिशवीत चीर असेल तर दुर्बीण करू म्हणाल्या, म्हणजे रिपोर्टने काहीतरी बदलणार होतं. म्हणून हो म्हटलं. त्यांनी मला आत उभं राहायची परवानगीही काढली. घोड्यासाठी नव्हते हो गेले, यंत्र बघायला गेले.

आधी नालबंद आला. नाल काढला, मग एक-एक खिळ्याचं भोक टोकरून बघितलं, कारण लोखंडाचा कण राहिला तर चित्रात रेघोट्या उठतात. (आम्ही आज्जीबाईंना कानातलं काढा म्हणतो ते याच कारणासाठी.) मग फ्रीडाला भूल दिली आणि चारी पायांना पट्टे बांधून क्रेनने उचलली. लेक तेवढ्यात बाहेर गेली, तिला बघवेना. मलाही पोटात कालवलं. एरवी गोठ्यात राणीसारखी वागणारी बाई, उलटी, कापडी बाहुलीसारखी.

आणि पुढे आमचंच यंत्र! कडं तेच, पंप तोच, स्क्रीनवरची बटणंही तीच. फक्त टेबलावर अर्धा टन. नळी मीडियन धमनीत घातली, तुमचा प्रश्न मी विचारलाच. डॉक्टरांनी भुवई उंचावून माझ्याकडे बघितलं, मग खूश झाले.

चित्र उमटलं तेव्हा मी घोडी-बिडी विसरले. दोन धमन्या घोट्याच्या दोन्ही अंगांनी उतरतात, खुराच्या हाडात शिरतात, आणि आत, हाडाच्या पोटात, एकमेकींना मिळून कमान करतात. त्या कमानीतून बारीक-बारीक फांद्या खुराच्या कडेपर्यंत. दारावर तोरण लावावं तसं. १४ वर्षांत हजारो रक्तवाहिन्या बघितल्या, हे असलं काही बघितलं नव्हतं.

आणि नाविक हाडाच्या मागे, आतल्या बाजूला, खोल कंडरेच्या गाभ्यात एक काळा ठिपका आणि त्याभोवती पांढरी कडा. साध्या स्कॅनमध्ये ती जागा मी पाहून पुढे गेले असते, इतकी पुसट होती. चीर पिशवीत उघडलेली नाही. म्हणजे दुर्बीण नाही. काकू, तुमची विश्रांतीच!

शुद्धीवर यायला पाऊण तास लागला. पहिल्यांदा उठली ती बसलीच. दुसऱ्यांदा उभी राहिली. तोवर मालकीणबाई आणि मी काचेबाहेर एकमेकींचे हात धरून उभ्या होतो, आणि आमची जेमतेम ओळख आहे.

---

कुंदा_काकू | ११ मार्च, रात्री १०:४१

मी सांगितलंच होतं असं म्हणणार नाही. पण सांगितलं होतं.

---

अप्पा_बारामती | १२ मार्च, सकाळी ७:००

बरं झालं. लेकीला म्हणावं, घोडीला गूळ दे.

---

टापटीप | १२ मार्च, सकाळी ७:४५

कडा पांढरी म्हणजे दुरुस्ती जोरात चालू आहे. जखम ताजी आहे, जुना व्रण नाही. माझ्या मते हे बरं लक्षण. पुढे सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं ठरलं तर उभ्याने जिथे होतं तिथे करा, पुन्हा आडवी पाडू नका. कार्यक्रम काय दिलाय?

---

ऋता_हानोव्हर | १२ मार्च, रात्री ९:१५

पहिला महिना रोज दोनदा दहा मिनिटं, लगाम धरून, कडक जमिनीवर, सरळ रेषेत, वळणं कमीत कमी. मग दर महिन्याला पाच मिनिटं वाढवायची. बसायचं नाव ऑगस्टपर्यंत काढायचं नाही. पैसे मात्र आम्ही तेवढेच द्यायचे, पण ते असो. लेक सकाळी साडेसहाला जाते. घड्याळ लावून चालवते. अकरावं मिनिट होऊ देत नाही.

एक शेवटचा प्रश्न: नालबंद म्हणतो टाचेला थोडी उंची देऊ, डॉक्टर म्हणतात बघू. सईसपुत्र, तुमच्याकडे काय करतात?

---

सईसपुत्र | १३ मार्च, सकाळी ६:५०

सुरुवातीचे दोन-तीन महिने टाचेखाली पाचर देतात, खोल दोरीवरची ओढ कमी होते. पण कायम ठेवली तर टाच दबते, म्हणून हळूहळू उतरवत आणायची. नालबंद आणि डॉक्टर दोघांना एकाच वेळी गोठ्यात बोलवा. वेगवेगळे आले की दोघंही बरोबरच असतात.

---

माथेरानचा_नाना | १३ मार्च, सकाळी ७:३०

आन त्या पायावरनं रोज पालथा हात फिरवायला पोरीला शिकवा.